तक्रार बंद झाली आहे

मी नोकरीला लागले तेव्हा शहराच्या संगणक विभागाला कुणी संगणक विभाग म्हणत नसे. मशीन रूम म्हणत. एका लांबलचक खोलीत कपाटाएवढी यंत्रं ओळीने उभी असायची आणि त्यांना उकाडा सोसत नाही म्हणून ती खोली बाराही महिने गार ठेवलेली असायची. आम्ही मुली भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कार्डांना भोकं पाडत बसायचो. पाणीपट्टी, जन्म-मृत्यू, सफाई कामगारांचे पगार, सगळं शहर त्या भोकांतून जायचं. इतर खात्यांतले लोक काहीतरी निमित्त काढून यायचे, जरा गारव्यात उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुमची मजा आहे बुवा." आमच्यातल्या निम्म्या जणींची गुडघेदुखी त्या मजेतूनच सुरू झाली. तरी ती खोली आठवली की मला अजून बरं वाटतं.

आमच्या पहिल्या साहेबांनी एक रीत घालून दिली होती. कुठल्याही कचेरीतून तक्रार आली, यंत्र अडलंय, नाव चुकलंय, काहीही, तरी ती दुरुस्त करणाऱ्याने स्वतः बंद करायची नाही. त्याने काम करायचं, मग तक्रार करणाऱ्याला फोन लावायचा आणि विचारायचं, "झालं का?" पलीकडचा माणूस झालं म्हणाला की मग बंद. फोन उचलला नाही तर पुन्हा लावायचा. तरीही नाही उचलला तर पायांना त्रास द्यायचा. आम्ही कुरकुर करायचो. एकदा एका जकात नाक्यावरचा कारकून तीन दिवस फोन उचलेना, म्हणून मला बसने तिथवर जावं लागलं. तो म्हणाला, "बाई, ते तर परवाच झालं, तुम्ही कशाला आलात?" साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "परवा झालं हे आपल्याला आज कळलं." एवढं बोलून परत फायलीत डोकं घातलं.

साहेब गेले, कार्डं गेली, ती कपाटं भंगारात गेली. मी त्याच विभागाची प्रमुख होऊन निवृत्त झाले. रीत मात्र राहिली. शहरातल्या प्रत्येक कचेरीला ठाऊक होतं, की संगणक विभागाने तक्रार बंद केली म्हणजे कुणीतरी विचारून बंद केली.

माझ्यानंतर काही वर्षांनी माझी भाची त्या खुर्चीवर बसली. धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण अकाली गेली आणि पोर माझ्याकडे वाढली. शाळा सुटली की ती थेट मशीन रूममध्ये यायची आणि माझ्या टेबलाखाली पाय दुमडून अभ्यास करायची. नोकरी तिने परीक्षा देऊन मिळवली, पण मावशीने चिकटवली असं म्हणणारे म्हणतच राहिले. म्हणून ती इतरांहून दुप्पट राबायची. लग्न केलं नाही. तिच्या हाताखाली तीसेक माणसं होती आणि त्यांच्या मुलांच्या दहावी-बारावीचीसुद्धा तिला काळजी असायची.

एक दिवस उपायुक्तांचा घरी फोन आला.

"ताई, शहराची सगळी संगणक सेवा बाहेरच्या कंपनीकडे द्यायची का, यावर समिती नेमतोय. जुनं जाणणारं कुणीतरी हवं."

"माझी भाची तिथली प्रमुख आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तर. तुम्ही तिची बाजू घेतलीत तर आम्हाला कळेल, आणि नाही घेतलीत तर जास्तच कळेल."

समितीत आम्ही चौघं. उपायुक्त, लेखाधिकारी बाई, संगणक शिकवणारे एक प्राध्यापक आणि मी. मला वाटलं होतं की आपण तिथे जाऊन विभागाची बाजू ठासून मांडू. पण लेखाधिकारी बाईंनी एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली आणि मला मान खाली घालावी लागली. निवृत्त झालेल्यांच्या जागी नवीन माणसं भरलेली नव्हती. यंत्रांच्या खोलीत छताचा पाइप गळत होता आणि त्याखाली बादली ठेवलेली होती. पेन्शनचा हिशोब करणारा प्रोग्रॅम इतका जुना, की तो समजणारी दोनच माणसं उरली होती.

"आणि त्यातल्या एकाचं बायपास झालंय," बाई म्हणाल्या. "ताई, मला वाईट वाटतं. पण शहराच्या पेन्शनी एका माणसाच्या पथ्यपाण्यावर चालवायच्या का?"

कंपनीचा फोन चोवीस तास उचलला जातो, आमचा संध्याकाळनंतर वाजत राहतो, हेही खरं होतं. प्राध्यापक म्हणाले, "एकदा बाहेर दिलं की परत घरात आणणं अवघड. जाणणारी माणसं पांगतात. मग कंपनी सांगेल ते ऐकावं लागतं." त्यावर बाई म्हणाल्या, "आत्ता तरी कुठे आपण सांगतो ते कुणी ऐकतंय." दोघांचंही बरोबर होतं.

शेवटी चाचणी घ्यायची ठरली. एक महिना अर्ध्या कचेऱ्या कंपनी सांभाळेल, अर्ध्या आपला विभाग. तक्रार आल्यापासून बंद होईपर्यंत कुणाला किती वेळ लागतो, ते मोजायचं.

"दुरुस्ती खरंच झाली का, हे कोण बघणार?" मी विचारलं.

"घड्याळ कुणाची बाजू घेत नाही ताई," उपायुक्त म्हणाले. मी हरकत घेतली. ती इतिवृत्तात लिहिली गेली आणि तिथेच राहिली.

कंपनीकडून एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. तो आला की वरचे साहेब लोक उठून उभे राहायचे, चहा मागवायचे, खुर्ची पुढे करायचे. विभागातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. मी एकदा गेले तर तिथला जुना तंत्रज्ञ कोपऱ्यात बसून होता. त्याला सगळे प्लगकाका म्हणत, कारण कुठलीही तक्रार आली की त्याचा पहिला प्रश्न, "प्लग लावलाय का बघा." तो मला म्हणाला, "मॅडम, जावईबापूंना आमची खोली दाखवली. बादली बघून म्हणाले, वा, पाण्याचीही सोय आहे."

"मग?"

"मग काय. म्हटलं, हो, बुडायला बरं पडतं."

पहिल्या आठवड्यात विभाग फार मागे पडला. भाची रात्री जेवायला माझ्याकडे आली, पण ताटातलं चिवडत बसली.

"लोक फोनच उचलत नाहीत मावशी. काम दहा मिनिटांत होतं आणि तक्रार दोन दिवस उघडी राहते. ती कंपनीची माणसं जागेवरून बटण दाबतात आणि बंद करतात."

"त्यांना करू दे."

"करू दे कसं? हे तीस जण कुठे जातील? प्लगकाकांना या वयात कोण ठेवणार? एक महिना मी ते विचारणं थांबवते. काम तर होतंच आहे ना."

"साहेबांनी ती रीत उगीच नव्हती लावली."

"साहेबांच्या डोक्यावर कुणी घड्याळ टांगलं नव्हतं," ती म्हणाली.

करू नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.  दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, की महिना संपेपर्यंत कुणी फोन करायचा नाही, काम झालं की बंद करा आणि पुढचं घ्या. महिन्याच्या अखेरीला विभाग कंपनीच्या पुढे गेला. प्राध्यापकांनी मला फोन करून अभिनंदन केलं. मी कुणाचं अभिनंदन स्वीकारतेय हेच मला कळेना.

पालिकेचं रुग्णालय विभागाच्या वाट्याला होतं. तिथे अशी व्यवस्था होती, की प्रयोगशाळेत एखाद्या रुग्णाच्या रक्तात काही धोक्याचं सापडलं तर तो निरोप त्या वॉर्डातल्या संगणकावर लाल अक्षरांत यायचा आणि सिस्टर येऊन बटण दाबेपर्यंत तो वाजत राहायचा. त्या महिन्यात स्त्रियांचा वॉर्ड रंगकामासाठी खालच्या मजल्यावर हलवला होता. खाली नवीन संगणक लावला. सिस्टरने तक्रार केली, की आमच्याकडे प्रयोगशाळेचे निरोप येत नाहीत. प्लगकाकांनी विभागात आपल्या जागेवर बसूनच तपासलं. निरोप जात होते आणि त्या वॉर्डाच्या नावाचं यंत्र ते घेतही होतं. त्यांनी तक्रार बंद केली. सिस्टरला आपोआप कळवलं गेलं, की आपली तक्रार बंद झाली आहे.

निरोप घेणारं यंत्र वरच्या मजल्यावरचं जुनं होतं. रिकाम्या वॉर्डात, रंगाच्या डब्यांमध्ये चालू राहिलेलं.

दोन दिवसांनी खालच्या वॉर्डात एक बाई दगावली. बसमध्ये कंडक्टर होती, मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी दाखल झालेली. रक्तातलं पोटॅशियम वाढत चाललं होतं. प्रयोगशाळेने निरोप पाठवला होता. वॉर्डात कुणालाच तो मिळाला नाही. नवऱ्याने आरडाओरडा केला, डॉक्टरांनी सिस्टरकडे बोट दाखवलं, आणि निरोप पोचल्याची नोंद यंत्रात होतीच. सिस्टर निलंबित झाली. चौकशी बसली. संगणकाचा विचार कुणाच्या मनातही आला नाही, कारण तक्रार तर बंद झाली होती.

हे सगळं भाचीने मला एका दुपारी सांगितलं. चप्पल न काढताच ती घरात आली होती.

"प्लगकाका जुनं यंत्र आणायला वर गेले. रंगारी त्यांना म्हणाले, बरं झालं नेताय, परवा हे दिवसभर बोंबलत होतं, आम्ही शेवटी वायर उपटली."

मी पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

"आणखी कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"काका आणि मी. काका रडत होते. मी त्यांना घरी पाठवलं." मग म्हणाली, "परवा समितीची शेवटची बैठक आहे. आकडे आपल्या बाजूने आहेत."

"आणि सिस्टर?"

"तिची चौकशी होईल. कदाचित सुटेलही."

"कशी सुटेल? निरोप पोचला असं तुझंच यंत्र सांगतंय."

"मावशी, मी सांगितलं तर विभाग गेला. ती बाई काही परत येत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "तुला काय, तुझी पेन्शन सुरू आहे."

एरवी हे तिने कधी म्हटलं नसतं. त्या दिवशी म्हणाली, आणि मला ते लागलं, पण खोटं काही नव्हतं त्यात.  ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरचं घर शोधत गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात सायकली. सिस्टरने दार उघडलं. पन्नाशीची, घरातही केस घट्ट बांधलेली. समितीवर आहे म्हटल्यावर तिने खुर्ची पुसून दिली.

"तुम्ही मशीन रूममधल्या ना?" ती म्हणाली. "मी नवीन लागले होते तेव्हा तुम्ही एकदा स्वतः आला होतात वॉर्डात. जन्माच्या नोंदी अडल्या होत्या. मी म्हटलं झालं, तरी तुम्ही उभ्याच. म्हणालात, पुन्हा एकदा करून दाखव."

मला ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

"तुम्ही तक्रार केलीत, मग निरोप येतात की नाही हे पुन्हा पाहिलं नाहीत का?" मी विचारलं. आवाज कोरडा ठेवला.

"खरं सांगू? कंपनीने बंद केली असती तर मी त्यांना पुन्हा फोन केला असता. माझी वहिनी त्यांच्या वाट्याच्या कचेरीत आहे, ती सांगते, ते न बघताच बंद करतात. पण ही तुमच्या माणसांनी बंद केली होती. मी म्हटलं, कुणीतरी दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला विचारलं असेल. लाल काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालले." ती बोटांनी टेबलावरचं कापड सरळ करत राहिली. "इतकी वर्षं तसंच होतं ना."

मी निघाले तेव्हा तिने विचारलं, "माझं काय होईल, काही कळलं का तुम्हाला?" मी नकारार्थी मान हलवली. जिना उतरताना एका सायकलचं हँडल माझ्या पदरात अडकलं आणि मी तिथेच किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

तिथून मी सरळ विभागात गेले. भाची आपल्या खोलीत होती. मी दार लावलं आणि सिस्टर जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. कंपनीवर तिने भरवसा ठेवला नसता, आपल्यावर ठेवला, हेही.

तिने समोरची फाइल मिटली.

"उद्या तू सांग," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते."

"बाहेर तीस माणसं बसली आहेत."

"दिसली मला."

"त्यांच्या तोंडाकडे बघून आलीस आणि हे सांगतेस?"

"हो," मी म्हटलं.

बैठकीत तिने सांगितलं. उभं राहून, कागद न घेता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "फोन न करण्याचा हुकूम माझा होता, तंत्रज्ञाचा दोष नाही," असं दोनदा म्हणाली. लेखाधिकारी बाईंनी चष्मा काढला. प्राध्यापकांनी विचारलं, "मग हे चाचणीचे आकडे?"

"आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "तक्रारी तेवढ्या वेळात बंद झाल्या."

तिला बाहेर बसायला सांगितलं.  मग प्राध्यापक म्हणाले, "हेच कंपनीकडूनही झालं असतं. ते तर कधीच विचारत नव्हते."

"झालं असतं," उपायुक्त म्हणाले. "पण तेव्हा दोष कंपनीचा असता. आता तो पालिकेचा आहे. उद्या बाहेर कळलं तर मी कुणाला दंड करू? स्वतःला?"

मी सांगितलं, की सेवा कुणाकडेही द्या, पण करारात एवढं घाला, की तक्रार करणाऱ्याने होकार दिल्याशिवाय ती बंद होणार नाही. जावईबापूंना फोन लावून विचारण्यात आलं. ते फार नम्रपणे म्हणाले, जरूर, पण मग दर वेगळे पडतील. लेखाधिकारी बाईंनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मतं घेतली. प्राध्यापक आणि मी एका बाजूला, ते दोघं दुसऱ्या बाजूला, आणि अध्यक्षांचं जादा मत उपायुक्तांचंच. सेवा कंपनीकडे गेली.

सिस्टरचं निलंबन उठलं, पण ती सुटली नाही. चौकशीत लिहिलं गेलं, की यंत्र बिघडलं असलं तरी प्रयोगशाळेला विचारणं हे सिस्टरचं काम होतं. पगारवाढ थांबवली आणि शहराच्या टोकाच्या दवाखान्यात बदली केली. मी उपायुक्तांना भेटायला गेले. ते म्हणाले, "ताई, कुणाला तरी काहीतरी शिक्षा व्हायला हवी होती." कंडक्टर बाईच्या नवऱ्याला भाचीने स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि दार लावून घेतलं. त्याने नंतर काही केलं की नाही, मला माहीत नाही.

विभागातली काही माणसं कंपनीने कंत्राटावर घेतली. बाकीची बाजार खात्यात, उद्यान खात्यात, जिथे जागा होती तिथे टाकली. ज्याने आयुष्यभर प्रोग्रॅम लिहिले तो आता भाजीच्या गाळ्यांच्या पावत्या फाडतो. प्लगकाकांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. आणि यांतलं कुणीही भाचीशी बोलत नाही. ती काही न बोलता गप्प राहिली असती तर सगळे वाचले असते, हे त्यांना कळलंय. विभागातली एक जुनी कारकून बाई मला बाजारात भेटली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या भाचीला पुण्य लागलं आणि आम्हाला बाजार खातं." मी पिशवी उचलली आणि पुढे गेले.

ताबा देण्याच्या दिवशी समितीतर्फे कुणीतरी हजर असायला हवं होतं, म्हणून मी गेले. टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. माझ्या जुन्या खोलीत कंपनीच्या दोन मुली लॅपटॉप उघडून बसल्या होत्या आणि भाची त्यांना एकेका यंत्राचे पासवर्ड सांगत होती. हळू, अक्षर अक्षर. मुली चांगल्या होत्या, तिला मॅडम म्हणत होत्या, मध्येच एकीने विचारलं, "तुम्ही थोडं पाणी घेता का?" विभागातलं दुसरं कुणीही आलं नव्हतं. तिने डबा आणला होता, तो न खाता उघडाच पडला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्या मुली बाहेर गेल्या. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

"घरी ये आज," मी म्हटलं. "इथे काय खाणार तू."

"काम उरलंय." ती कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "मावशी, खरं सांग. मी बोलले नसते तर तू सांगितलं असतंस?"

"असतं."

"माझं काय होईल हे माहीत असून?"

"हो."

तिने मान डोलावली, जणू हिशोब जुळला. "तू म्हणाली नसतीस तर मी नसतं सांगितलं," ती म्हणाली. "हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. त्या सिस्टरला जाऊ दिलं असतं मी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण अंगही सैल सोडलं नाही. मुली परत आल्या, एकीने लॅपटॉप उघडला, आणि ती पुढचा पासवर्ड सांगायला लागली.